सिरीज लँड रोव्हरच्या कॅपिंगवरचा गॅल्व्हनाइज्ड फिनिश गंजापासून कसा वाचवायचा

प्रश्न असा आहे की अलिबागजवळ ठेवलेल्या सिरीज ३ लँड रोव्हरचे मागच्या हौद्याचे कॅपिंग (कडांवरची स्टीलची पट्टी) आणि पुढचा बंपर गंजले होते, ते पॉलिश पेपरने घासून त्यावर 'गॅल्व्हनाइज्ड इफेक्ट'चा स्प्रे मारला, दिसायला एकदम कंपनीसारखं झालं, पण एका पावसाळ्यात रिव्हेटच्या भोवती तांबडे ओघळ आले आणि कडेला फोड उठले. आता वरून क्लिअर लॅकर मारला तर थांबेल का?

नाही थांबणार. उलट लवकर वाढेल आणि दिसेल उशिरा. कारण सांगतो, मग काय करायचं ते सांगतो, जरा लांब होईल पण ही गाडी आपल्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरलीय, तेव्हा नीट समजून केलेलं बरं.

आधी ही गाडी तशी का बनवली ते बघा. १९४८ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या मोटार शोमध्ये लँड रोव्हर आली तेव्हा ब्रिटनमध्ये महायुद्धानंतर स्टीलवर रेशनिंग होतं आणि अ‍ॅल्युमिनियम त्यामानाने सहज मिळत होतं, म्हणून बॉडीचे पत्रे बर्माब्राइट नावाच्या अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे केले आणि जिथे मार बसतो, माणूस पाय ठेवतो, सामान घासतं अशा कडांना स्टीलची पट्टी दिली. तेच तुमचं कॅपिंग. आता अ‍ॅल्युमिनियमला उघडं स्टील चिकटून बसलं आणि मध्ये पाणी गेलं की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं, पांढरी भुकटी होते. म्हणून ते स्टील वितळलेल्या जस्तात बुडवून काढलं. म्हणजे त्या करड्या थराची कामं दोन, स्टीलला गंजू न देणं आणि शेजारच्या अ‍ॅल्युमिनियमला स्टीलपासून लांब ठेवणं. हे दुसरं काम बरेच लोक विसरतात आणि मग कॅपिंग चकाचक पण खाली हौद्याची कड चाळणी झालेली सापडते.

जस्त कसं वाचवतं हे दोन ओळीत. ते नुसतं झाकत नाही, ते स्वतः झिजतं. लोखंड आणि जस्त एकमेकांना विजेच्या दृष्टीने जोडलेले असतील आणि वर ओलावा असेल तर झिजायची पाळी जस्तावर येते, म्हणून बारीक ओरखडा पडून आतलं स्टील दिसलं तरी आजूबाजूचं जस्त त्याला सांभाळून घेतं. यात 'जोडलेले असतील' हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा. तुमच्या स्प्रेमध्ये करडा रंग बहुतेक अ‍ॅल्युमिनियमच्या बारीक पापुद्र्यांचा आहे आणि तो रेझिनमध्ये गुंडाळलेला आहे. तो स्टीलला फक्त झाकतो. जिथे भोक पडलं तिथे खेळ संपला, पाणी आत जातं, गंज थराखालून पसरतो आणि फोड येतो.

आता तुमच्या गाडीवर नक्की कुठला करडा आहे हे ओळखणं ही पहिली पायरी, कारण एकाच गाडीवर तीन-चार प्रकार असतात. कुठे मूळचं, लँड रोव्हरच्या इंग्लंडमधल्या सॉलिहलच्या कारखान्याचं हॉट डिप (वितळलेल्या जस्तात बुडवलेलं), कुठे नंतर बसवलेला साधा जीआय पत्रा, कुठे प्लेटिंगवाल्याकडून विजेने चढवलेला जस्ताचा पातळ मुलामा म्हणजे व्हाइट झिंक, कुठे नुसता स्प्रे. डोळ्यांनी कळत नाही. यासाठी मी मोरचूद (कॉपर सल्फेट) वापरतो. कोकणात तुमच्या आजूबाजूला सुपारीच्या बागा असतील तर बोर्डो मिश्रणासाठी प्रत्येकाच्या पडवीत मोरचूद असतोच. चिमूटभर पाण्यात विरघळवून, भाग थिनरने पुसून, इअरबडने एक थेंब ठेवायचा. जस्त असेल तर थोड्याच वेळात काळा डाग पडतो. उघडं लोखंड असेल तर तांब्याचा लालसर मुलामा चढतो. आणि वर रंग असेल तर काहीच होत नाही. काहीच झालं नाही तर तो रंग एखाद्या लपलेल्या कोपऱ्यात नखाएवढा खरवडून खाली परत थेंब ठेवा, म्हणजे रंगाखाली मूळचं जस्त शिल्लक आहे का ते कळेल. टेस्ट झाल्यावर भरपूर पाण्याने धुवायचं, तांबं तिथे राहू द्यायचं नाही, आणि तो थेंब अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर अजिबात ओघळू द्यायचा नाही. गॅल्व्हनायझिंगवाल्यांकडे हीच टेस्ट प्रीस टेस्ट म्हणून ओळखतात.

ही टेस्ट सगळीकडे करा. बऱ्याचदा असं निघतं की कॅपिंगच्या सपाट भागावर मूळ जस्त अजून ठीक आहे आणि फक्त कडा, कोपरे आणि रिव्हेटची भोकं उघडी पडलीत. मग अख्खं कॅपिंग काढायची गरजच नाही. आणि हो, पॉलिश पेपरने घासताना मूळ जस्तही घासून काढलं जातं, हे कुणी सांगत नाही. पातळ पत्र्यावर तो थरच मुळात साधारण ४५ ते ५५ मायक्रॉनचा असतो, डोक्याच्या केसाच्या जाडीपेक्षा कमी. शंभर-दीडशे नंबरचा पेपर घेऊन जोर लावला की झालं. त्यामुळे यापुढे गॅल्व्हनाइज्ड भाग 'स्वच्छ करायला' पेपर किंवा स्टीलचा वायर ब्रश लावू नका. वायर ब्रशचे लोखंडाचे कण जस्तात रुतून बसतात आणि तेच गंजून तांबडे डाग देतात. नायलॉनचा ब्रश आणि साबणाचं पाणी पुरतं.

मायक्रॉनचं एवढं का लावलंय तर हिशोब बघा. समुद्रकिनाऱ्याच्या खाऱ्या, दमट हवेला गंजाच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीत सी-५ म्हणतात आणि तिथे जस्त वर्षाला साधारण ४.२ ते ८.४ मायक्रॉन झिजतं. म्हणजे ५० मायक्रॉनचं खरं हॉट डिप तुमच्याकडे सहा ते बारा वर्षं काढेल. प्लेटिंगवाल्याचं व्हाइट झिंक किंवा यलो झिंक नटबोल्टवर आठएक मायक्रॉनचं असतं, ते दोन वर्षंसुद्धा धड काढणार नाही. इंग्लंडमध्ये समुद्रापासून लांब असलेल्या जागी हाच दर वर्षाला एक-दोन मायक्रॉनवर येतो, म्हणून तिकडच्या पन्नास वर्षं जुन्या गाड्यांवर मूळ कॅपिंग अजून करडं दिसतं. त्यांचे फोटो बघून आपल्या गाडीशी तुलना करू नका, हवाच वेगळी आहे. पुण्यात ठेवलेली गाडी आणि किनाऱ्यापासून अर्ध्या किलोमीटरवर ठेवलेली गाडी यांचंसुद्धा तेच.

आता उपाय. मी गंज किती आहे त्यावर तीन रस्ते ठरवतो.

पहिला रस्ता, सपाट भागावर जस्त आहे आणि फक्त कडा उघड्या पडल्यात, तर तेवढाच भाग दुरुस्त करायचा, त्यासाठी खरा झिंक रिच पेंट लागतो ज्याला दुकानात कोल्ड गॅल्व्हनायझिंग म्हणतात. इथे फसवणूक फार आहे. डब्यावर 'झिंक' लिहिलं म्हणजे झालं असं नाही, वाळलेल्या थरात वजनाने कमीत कमी ८० टक्के जस्ताची भुकटी पाहिजे, तरच ते कण एकमेकांना आणि खालच्या स्टीलला टेकतात आणि वीज वाहते. डब्यावर आकडा नसेल तर डबा हातात घेऊन बघा, जस्त जड असतं, खऱ्या झिंक रिचचा एक लिटरचा डबा अडीच किलोच्या आसपास भरतो, साधा ऑइल पेंट सव्वा किलोच्या आतबाहेर. वजनकाटा खोटं बोलत नाही. स्प्रे कॅनपेक्षा डबा आणि ब्रश मला जास्त आवडतो, कारण जाडी मिळते आणि कडेवर नीट बसतो. ढवळत राहायचं मात्र, जस्त लगेच तळाला बसतं आणि वरचं पातळ लावलंत तर तुम्ही नुसतं रेझिन लावताय.

खालचा पृष्ठभाग इथे सगळं ठरवतो. स्टील उघडं, चमकदार आणि खडबडीत पाहिजे. त्यावर गंजाचा थर राहिला तर जस्त लोखंडाला टेकणारच नाही. आणि इथेच बहुतेक लोक रस्ट कन्व्हर्टर लावून मोकळे होतात, गंज काळा झाला, छान वाटतं, त्यावर झिंक पेंट. ही जोडी चुकीची आहे. कन्व्हर्टरने झालेला काळा थर वीज अडवतो, म्हणजे महागाचा झिंक पेंट साध्या रंगासारखा वर बसून राहतो. शिवाय बऱ्याच कन्व्हर्टरमध्ये फॉस्फोरिक अ‍ॅसिड असतं, ते शेजारचं चांगलं जस्त खातं. कन्व्हर्टर वापरायचाच असेल तर त्यावर इपॉक्सी प्रायमर लावा आणि जस्त विसरा. छोट्या जागेला हाताने ब्लास्ट करायची, म्हणजे बारीक कण जोरात मारून गंज काढायची गन मिळते, ती सगळ्यात उत्तम, नाहीतर नवीन एमरी घेऊन फक्त गंजलेला भाग चकाकेपर्यंत घासा, आजूबाजूचं जस्त सोडून. मग थिनरने पुसून, त्याच दिवशी, दोन हात, मिळून ८० मायक्रॉनच्या वर. दुसऱ्या दिवसावर ठेवलंत तर किनाऱ्याच्या हवेत रात्रीत तांबूस झाक येते. आणि हे काम पावसाळ्यात करायचं नाही म्हणजे नाही. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली आणि पत्रा दवबिंदूपेक्षा निदान ३ अंशांनी गरम, असा नियम आहे, जुलैत अलिबागला हे कुठून मिळणार. फेब्रुवारी ते मे पकडा, सकाळी ऊन जरा चढल्यावर.

दुसरा रस्ता, कॅपिंग बऱ्यापैकी गंजलंय पण पत्रा जाड शिल्लक आहे, खड्डे आहेत पण आरपार भोकं नाहीत. मग काढून परत हॉट डिप करून आणा. हाच खरा इलाज आहे आणि माझ्या मते खर्चाला पुरून उरणारा. एमआयडीसीत टॉवरचे अँगल, गेटं, जाळ्या बुडवणारे जॉबवर्कवाले असतात, ते वजनावर घेतात आणि चार कॅपिंगसाठी भट्टीला हात लावायला तयार नसतात, म्हणून बंपर, बिजागऱ्या, सिरीज २ची असेल तर पुढची जाळी, जे काही स्टीलचं गॅल्व्हनाइज्ड आहे ते एकत्र करून न्या. त्यांना आधीच सांगा की पत्रा पातळ आहे. वितळलेलं जस्त ४५० अंशांच्या आसपास असतं, लांब पातळ पट्टी त्यात वाकते, पीळ पडतो, म्हणून कॅपिंग आडवं लटकवू नका, अँगलला दोन-तीन ठिकाणी बांधून द्या. जुना रंग, डांबर, सीलंट, वॅक्स सगळं घरून काढून न्यायचं, त्यांच्या अ‍ॅसिडच्या टाकीत गंज आणि जुनं जस्त निघतं पण रंग निघत नाही, आणि जिथे रंग राहिला तिथे जस्त धरत नाही, काळा पॅच राहतो. दोन पत्रे एकमेकांवर वेल्ड केलेली घट्ट जागा असेल किंवा बंद नळी असेल तर भोक पाडून घ्या, आत अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन पत्रा फुटतो आणि भट्टीवरच्या माणसाच्या जिवावर बेततं. ही गोष्ट विचारून, तपासून, परत विचारून करा. आणि अ‍ॅल्युमिनियमचा एक तुकडासुद्धा त्या भागाला चिकटलेला नको, अ‍ॅसिडमध्ये तो विरघळून जाईल.

बुडवून आणलेलं कॅपिंग सुरुवातीला जास्त चकचकीत दिसतं म्हणून काही लोक नाराज होतात. थांबा जरा. उघड्या हवेत काही महिन्यांत त्यावर जस्ताच्या कार्बोनेटचा थर बसतो आणि तो मंद करडा रंग येतो जो तुम्हाला हवाय, आणि तोच थर जस्ताची झीज कमी करतो. या काळात ते कोरडं आणि हवेशीर राहिलं पाहिजे. ताजं गॅल्व्हनाइज्ड प्लास्टिकच्या खोळीखाली ओलं ठेवलं की पांढरी फुफाटी येते, व्हाइट रस्ट. ती थोडीशी असेल तर पातळ केलेल्या व्हिनेगरने आणि नायलॉन ब्रशने निघते, लगेच भरपूर पाण्याने धुवा, व्हिनेगर जस्तही खातंच.

तिसरा रस्ता मेटलायझिंग. जस्ताची तार वितळवून हवेच्या झोताने पत्र्यावर उडवतात, पत्रा फारसा तापत नाही त्यामुळे वाकत नाही, १०० मायक्रॉनपर्यंत थर सहज देता येतो. दिसायला जरा खरबरीत आणि मॅट, कॅपिंगला चालतं. थर सच्छिद्र असतो म्हणून वरून पातळ इपॉक्सी सीलर द्यायचा. ब्लास्टिंग आधी करावंच लागतं. पातळ आणि नाजूक भागासाठी मी हॉट डिपपेक्षा हे पसंत करतो.

तुमचा इफेक्ट स्प्रे यात कुठे बसतो? बसतो, पण शेवटी. खाली झिंक रिचचे दोन हात, नीट वाळल्यावर टू-पॅक (दोन डबे मिसळून लावायच्या) इपॉक्सीचा एक पातळ हात, झिंक रिचचा थर सच्छिद्र असतो म्हणून आधी अगदी धुक्यासारखा हलका फवारा आणि मग पूर्ण हात, नाहीतर बुडबुडे येतात, आणि त्याच्या वर तुमचा गॅल्व्हनाइज्ड इफेक्ट. मग तो रंग फक्त दिसण्याचं काम करेल आणि ओरखडा पडला तरी खाली जस्त बसलेलं असेल. एच (etch) प्रायमर मात्र मध्ये घालू नका, त्यातलं अ‍ॅसिड झिंक पेंट खराब करतं. पावडर कोटिंगमध्येही गॅल्व्ह इफेक्ट मिळतो, तिथेही तेच विचारा, खाली झिंक प्रायमर आहे का. नुसतं एका थराचं पावडर कोटिंग गाडीच्या कडेवर दगड लागला की पापुद्र्यासारखं सुटतं.

आणि क्लिअर लॅकर. खऱ्या गॅल्व्हनाइज्डवर मी कधीच सुचवत नाही. सिंगल पॅक लॅकर उन्हात पिवळा पडतो, भेगा जातात, भेगेतून खारं पाणी आत जातं आणि बाहेर पडायला जागा नसते, मग खाली पांढरे डाग पडतात आणि ते घासूनही काढता येत नाहीत कारण वर लॅकर आहे. साधा अल्किड ऑइल पेंट तर जस्तावर थेट मारूच नका, जस्ताशी त्याची रिअ‍ॅक्शन होऊन मधे साबणासारखा थर तयार होतो आणि एक-दोन वर्षांत पापुद्रे निघतात. जीआयच्या गेटावर रंग सोलवटलेला आपण सगळीकडे बघतो, तो हाच प्रकार.

आता तुमचे तांबडे ओघळ. रिव्हेटभोवती आहेत असं लिहिलंय, तर नीट बघा, तांबडं कॅपिंगमधून येतंय का रिव्हेटच्या मध्यातून. बाजारातल्या बहुतेक अ‍ॅल्युमिनियम पॉप रिव्हेटच्या आत स्टीलचा मँड्रेल, म्हणजे गनने ओढायचा खिळा असतो, त्याचं टोक आत तुटून राहतं आणि गंजतं. कॅपिंग ठणठणीत असूनही ओघळ येतात. तसं असेल तर रिव्हेट ड्रिल करून काढा आणि ज्यांचा मँड्रेलही अ‍ॅल्युमिनियमचा आहे असे, शक्यतो मागून बंद असलेले रिव्हेट घाला. स्टेनलेसचे रिव्हेट मजबूत म्हणून घालतात लोक, पण खाऱ्या हवेत त्यांच्याभोवतीचं अ‍ॅल्युमिनियम आणि जस्त दोन्ही खाल्लं जातं. ड्रिल केल्यावर भोकाच्या कडेला उघडं स्टील राहतं, त्याला काडीने झिंक रिच लावा, हे दोन मिनिटांचं काम पुढची पाच वर्षं वाचवतं. कॅपिंग परत बसवताना ते आणि हौद्याचा पत्रा यांच्यामध्ये अ‍ॅसिड न सोडणारा पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट पातळ पसरून मगच रिव्हेट मारा. व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन नको. खालच्या टोकाला मात्र सीलंट लावून पाणी अडवू नका, गेलेलं पाणी निघायला वाट ठेवा.

रोजची निगा. इथे एक उलटी वाटणारी गोष्ट आहे. पाऊस जिथे थेट पडतो तो भाग पावसाने धुऊन निघतो, मीठ निघून जातं. गंज जास्त लागतो तो जिथे पाऊस पोचत नाही पण खारी हवा पोचते तिथे, म्हणजे कॅपिंगची आतली बाजू, बंपरची मागची बाजू, मागच्या क्रॉस मेंबरचा (चासीच्या आडव्या दांड्याचा) वरचा भाग. म्हणून धुताना पाइप तिकडे आधी मारा. आणि कुठल्या पाण्याने? खाडीजवळच्या विहिरींना उन्हाळ्यात मचूळ पाणी असतं, त्याने गाडी धुणं म्हणजे मीठ लावणं. नळाचं पाणी किंवा पागोळीचं साठवलेलं पाणी वापरा. किनाऱ्यावर वाळूत गाडी घालू नका, कितीही मोह झाला तरी, समुद्राचं पाणी क्रॉस मेंबरमध्ये गेलं की ते धुऊन पूर्ण निघत नाही. हौद्यातलं रबर मॅट पावसाळ्यात काढून ठेवा. खोळ घालायचीच तर श्वास घेणारी, प्लास्टिकची ताडपत्री नको, आणि चारही बाजूंनी उघडी शेड असेल तर खोळ नकोच.

मेमध्ये, सगळं कडकडीत वाळलेलं असताना, कॅपिंगच्या आतल्या बाजूला आणि बंपरच्या मागे कॅव्हिटी वॅक्स किंवा लॅनोलिनचा फवारा. डिनिट्रॉल, वॅक्सॉयल, फ्लुइड फिल्म यातलं जे मिळेल ते, लांब नळी लावून शिवणीत घुसेल असं. डब्ल्यूडी-४० याला चालत नाही, ते पाणी हटवायला चांगलं आहे पण त्याचा थर पावसाळा काढत नाही. दिवाळीच्या आसपास एकदा उघडून बघा आणि जिथे वॅक्स धुतलं गेलंय तिथे परत मारा. दर्शनी भागावर वॅक्स नको असेल तर नका लावू, तिथे फक्त धुणं पुरतं.

एक धोक्याची गोष्ट. गॅल्व्हनाइज्ड भागावर वेल्डिंग करायचं असेल तर जोडाच्या आजूबाजूचं जस्त आधी काढा आणि मोकळ्या हवेत, मास्क लावून करा. जस्ताच्या धुराने त्याच संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. दूध प्यायलं की बाधत नाही असं वेल्डर सांगतात, त्यात तथ्य नाही. आणि इतक्या जुन्या गाडीवर काही मूळ बोल्ट कॅडमियम प्लेटिंगचे असू शकतात, पिवळसर छटेचे, ते गरम करू नका, ग्राइंडर लावू नका, कॅडमियमचा धूर जीव घेऊ शकतो. सस्पेन्शनचे आणि १०.९ किंवा त्यावरच्या ग्रेडचे बोल्ट गल्लीतल्या प्लेटिंगवाल्याकडे देऊ नका, अ‍ॅसिडमधून हायड्रोजन आत शिरून ते ठिसूळ होतात, नवीन कोटेड बोल्ट घ्या.

तुमच्या केसमध्ये मी असं करेन: आत्ता स्प्रेला हात लावू नका, या रविवारी मोरचुदाची टेस्ट करून कुठे जस्त आहे कुठे नाही ते खडूने गाडीवरच मार्क करा, फोटो काढा, एकदोन रिव्हेट काढून कॅपिंग थोडं उचलून खालची अ‍ॅल्युमिनियमची कड बघा. ती पांढरी पडून फुगली असेल तर कॅपिंग काढावंच लागेल, मग हॉट डिपचं ठरवा. ठीक असेल तर फक्त कडांची दुरुस्ती आणि वॅक्स. बंपर चार बोल्टचं काम आहे, तो कसाही असो, काढून बुडवायला द्या.